जयघोष आणि खांदा

लढाई कोणी जिंकली, तहात कोणाच्या पदरात काय पडले, ह्याची नोंद इतिहासकार कसोशीने ठेवतात. परंतु जयाची वार्ता कानी आल्यावर रस्त्यावरच्या माणसाने काय केले, हे लिहून ठेवण्याची तसदी फार थोडे घेतात. वास्तविक एखाद्या समाजाचे मन ओळखण्यास ही दुसरी नोंद अधिक उपयोगी पडते. तोफांची सलामी सरकारच्या हुकुमाने होते. जयघोषास कोणाचा हुकूम लागत नाही. म्हणून खेळाच्या मैदानावरील विजय आणि त्यापाठोपाठ उसळणारा लोकांचा आनंद हा विषय क्षुल्लक समजून बाजूस सारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमच्या ठाण्यातील टेंभी नाका हे अशा निरीक्षणास सोयीचे स्थळ आहे. कै. आनंद दिघे ह्यांनी सुरू केलेला नवरात्रोत्सव आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीची दहीहंडी ह्यांमुळे ह्या नाक्याचे नाव ठाणे-कल्याणच्या बाहेरही पोहोचले आहे. परंतु गर्दी जमण्यास पंचांगातील तिथीच लागते असे नाही. राष्ट्रीय संघाने प्रतिस्पर्ध्यास हरविले की आमच्या गावांतील नाके त्या रात्री सणाच्या दिवसासारखेच फुलतात. २४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्ग येथे भारताने पाकिस्तानवर अवघ्या ५ धावांनी विजय मिळविला. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे दक्षिण आफ्रिकेवर ७ धावांनी. ह्या दुसऱ्या विजयानंतर ४ जुलै रोजी संघ मुंबईस आला, तेव्हा मरीन ड्राइव्हवर मुंगीस वाट मिळू नये इतका जनसमुदाय लोटला होता.

ह्या आनंदाची साधने पाहिली तर ती बहुतेक उसनी घेतलेली आहेत. ढोल-ताशा उत्सवातून आला, गुलाल पालखीतून आणि कुस्तीच्या फडातून आला. आणि विजयी वीरास खांद्यावर उचलून घेण्याची रीतही फडातीलच. दहीहंडीत तर सारा खेळच खांद्यांचा आहे: जो वर चढून हंडी फोडतो त्याचे कौतुक सर्वांच्या मुखी असते, पण तो उभा असतो दुसऱ्यांच्या खांद्यांवर. खांदा कोणी दिला, कोणाला दिला आणि किती वेळ दिला, ह्या तीन प्रश्नांनी मैदानावरील जयाचा इतिहास तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते. हा इतिहास आमच्या प्रांतात शंभर वर्षांहून जुना आहे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू आणि युरोपियन ह्या संघांचा क्रिकेटचा सामना झाला. ज्या बाँबे जिमखान्याचे सभासदत्व हिंदी मनुष्यास मिळत नसे, त्याच्याच मैदानावर हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे दोन्ही डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात १०९ धावांनी पराभव झाला. वंगभंगाच्या चळवळीने वातावरण तापलेले असता हा जय साध्या करमणुकीचा राहिला नाही, ह्यात नवल ते काय? परंतु आम्हांस ह्या विजयातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. ह्या सामन्यात युरोपियनांचे आठ गडी बाद करणारा डावखुरा गोलंदाज होता पाळवणकर बाळू. त्याचा बंधू शिवरामही त्याच संघात होता.

बाळू हा चांभार कुटुंबातील. पुण्यास युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपये पगारावर मैदानावर रूळ फिरविणे, जाळी उभारणे, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे ही त्याची कामे. तेथे त्याचा हात तयार झाला. पुण्याच्या हिंदू क्लबास साहेबांना हरवावयाचे होते, तेव्हा बाळूवाचून गत्यंतर नव्हते. तथापि त्याला घेण्यावरून वाद माजला. अखेर तोड निघाली ती अशी: मैदानावर सर्वांनी त्याच्यासह एकाच चेंडूस हात लावावयाचा, परंतु खेळ थांबला म्हणजे त्याचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात द्यावयाचा. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास होता! ह्या तर्काकडे पाहून आज हसू येते. पण तो तर्क शिकल्यासवरल्या पदवीधरांचा होता, हे आम्ही विसरू नये. पुढे मुंबईस हिंदू जिमखान्याने त्याला आपल्यात घेतले आणि १९०६ चा विजय पदरी पडला. त्या काळच्या सुधारकांनी ह्या जयाचे मर्म अचूक ओळखले होते. व्याख्यानांनी जे मन वळले नाही ते बळींच्या आकड्याने थोडे वळले, असा त्यांचा अभिप्राय पडला.

ह्यानंतर पाच वर्षांनी, २९ जुलै १९११ रोजी, कलकत्त्यास फुटबॉलच्या मैदानावर असाच प्रसंग घडला. मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघास २-१ असे हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट घालणारा एकटा सुधीर चटर्जी, आणि तो धर्माने ख्रिस्ती. बाहेरगावांहून लोक आणण्यास जादा आगगाड्या सोडाव्या लागल्या. ज्यांना मैदान दिसत नव्हते त्यांना पतंग उडवून गोलांची संख्या कळविली गेली. ह्या जयाचे अभिनंदन मुसलमान संपादकांच्या पत्रांनीही मनापासून केले. त्याच वर्षी डिसेंबरात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली, म्हणून फुटबॉलच्या पराभवाने इंग्रज पळाले अशी दंतकथा रचणारे अद्यापि भेटतात. इतिहासाच्या अभ्यासकास ती मान्य करता येत नाही. मात्र लोकांना अशी कथा रचावीशी वाटली, हा देखील इतिहासच होय. अनवाणी पायांनी बुटांवर मात केली, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला राज्यकर्ता पूर्वीइतका उंच दिसला नसणार.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नायकपद त्याला कधी दिले गेले नाही. १९२० साली तर त्याला संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. त्यावर बरीच चर्चा होऊन बाळूस उपनायक केले गेले आणि अंतिम सामन्यात नायक पै ह्यांनी काही काळ मैदान सोडून संघाचे नेतृत्व त्याच्या हाती येऊ दिले. अखेर १९२३ साली धाकटा बंधू विठ्ठल हिंदू संघाचा नायक झाला. त्याच वर्षी चौरंगी सामन्यांत हिंदूंनी युरोपियनांना नमविले आणि प्रेक्षकांनी मैदानात धाव घेऊन विठ्ठलास खांद्यावर उचलून घेतले. त्या खांद्यांत उच्चवर्णीयांचे खांदे होते. ज्या घरात विठ्ठलास पाण्याचा पेला मिळाला नसता, त्या घरचे तरुण त्याला डोक्याहून उंच धरून नाचत होते!

इतिहासात दोन घटना कित्येकदा अशा शेजारी येऊन उभ्या राहतात की, एकीवाचून दुसरीचा अर्थ लागू नये. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ह्या अस्पृश्य मानलेल्यांना मोकळ्या कराव्यात, असा त्याचा आशय. पुढील वर्षी महाड नगरपालिकेने आपले तळे कागदोपत्री खुले केले. म्हणजे ज्या वर्षी मैदानाने विठ्ठलास खांदा दिला, त्याच वर्षी कायद्याने पाणी देऊ केले होते. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा काय झाले? परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या, आणि तळे बाटले म्हणून शेणगोमूत्राने त्याची शुद्धी करण्यात आली. खांदा एका क्षणात मिळाला. ओंजळभर पाणी चार वर्षांनीही मिळाले नाही.

ह्यावरून मैदानावरचा तो जल्लोष ढोंगी होता असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. खांद्यावर घेणाऱ्यांचा आनंद त्या घटकेस खराच होता. मनुष्य ज्या गोष्टी विचाराने करू धजत नाही त्या आनंदाच्या भरात करून जातो, आणि एकदा केलेली गोष्ट अशक्य होती असे त्याला पुन्हा म्हणता येत नाही. स्पर्शाने आभाळ कोसळत नाही, हे त्या दिवशी हजारोंनी डोळ्यांनी पाहिले. पण हेही ध्यानात असावे की, तो खांदा जमावाने आपण होऊन दिलेला नव्हता. त्यामागे बाळूची वीस वर्षांची मेहनत आणि १९२० साली दोघा भावांनी दाखविलेली बाणेदार वृत्ती होती. जमावाने केवळ शेवटचा हात लावला. आणि संध्याकाळी जो तो आपापल्या घरी गेला, तेव्हा पेल्यांची मांडणी पूर्वीचीच होती.

जयघोषाची दुसरी परीक्षा, तो कोणाविरुद्ध होतो ही. परकी राज्यकर्ता समोर होता तोवर सामन्यांतील जय सर्वांचा वाटे. मुसलमान संघ १९१२ पासून ह्या सामन्यांत आला आणि १९३७ पासून 'इतर' नावाचा पाचवा संघ त्यांत आला. मग क्रमाने स्पर्धेचा रोख बदलत गेला. सांगलीचे विजय हजारे हे मराठी, पण ख्रिस्ती. म्हणून त्यांनी 'इतर' संघाकडून खेळावयाचे. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांनी काढल्या, तरीही संघ डावाने हरला. मराठी प्रेक्षकाने त्या दिवशी कोणासाठी टाळी वाजवावी? संघांची वाटणी जातीधर्माने झाली म्हणजे कौतुकाचीही वाटणी होते. गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्येच जातवार सामने बंद व्हावेत असे मत दिले होते. ते सामने प्रत्यक्षात १९४६ मध्ये बंद झाले. तोवर देशातील फाळणीची वाटचाल मैदानाच्या फार पुढे गेली होती.

तथापि त्याच काळातील एक प्रसंग नमूद केल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदू संघावर केवळ एक गडी राखून जय मिळविला, के. सी. इब्राहिम १३७ धावा करून अखेरपर्यंत नाबाद राहिले. पराभूत संघाचे नायक विजय मर्चंट ह्यांनी विजेत्यांचे दिलखुलास अभिनंदन केले. विजय साजरा करणे कोणालाही साधते. हरल्यावर दुसऱ्याच्या विजयास दाद देण्यास निराळे शिक्षण लागते.

स्वातंत्र्यानंतर आमचा फुटबॉल संघही अशा कसोटीतून गेला आहे, आणि तेव्हा गर्दी आमची नव्हती. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई सामन्यांत इस्राएल व तैवान ह्यांना वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधी सोंधी ह्यांनी हरकत घेतली, म्हणून तेथील लोक क्षुब्ध झाले आणि आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबर रोजी लाखभर प्रेक्षकांच्या हुर्योत भारताने दक्षिण कोरियास २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. गोल केले पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग ह्यांनी. त्या संघात गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको होता, आणि गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्या विरोधी गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारे थोडे लोक होते, ते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू! ज्यांनी हॉकीच्या अंतिम सामन्यात भारतास हरविले, त्यांनीच फुटबॉलमध्ये भारताचा जयघोष केला. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईस भारत पाकिस्तानकडून १२ धावांनी हरला, तेव्हा चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी खेळाडूंस मानवंदना दिली. जणू त्या जुन्या ऋणाची ती फेड होती.

तात्पर्य काय? नाक्यावरचा गुलाल वाईट नव्हे. ज्या देशात माणसे जात, पेठ आणि पक्ष सांभाळून एकमेकांशी बोलतात, तेथे अनोळखी माणसास मिठी मारण्याचा एक तरी प्रसंग येतो, हे थोडे नाही. ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या तरुणांस त्या रात्री कोणी जात विचारीत नाही. आमचे मागणे इतकेच की, ही न विचारण्याची सवय दुसऱ्या दिवशीही टिकावी: भाड्याने घर देताना, नोकरीवर माणूस घेताना, सोयरीक ठरविताना. तसेच, जय झाल्यावर पराभूतास आणि त्याच्याशी ज्यांचा बळेच संबंध जोडला जातो अशा आपल्याच शेजाऱ्यांस भीती वाटेल असा घोष आमच्या तोंडून निघू नये. आपल्या चौकातला शेजारी आपल्या आनंदाच्या आवाजाने दार लावून घेत असेल, तर तो आनंद राष्ट्राचा खचित नव्हे.

विजयी वीरास खांद्यावर घेणे हे घटकाभराचे काम. त्यात श्रम थोडे आणि सुख पुष्कळ. खाली उतरल्यावर त्याला आपल्या पेल्यातून पाणी देणे हे रोजचे काम, आणि त्यासाठी ढोल वाजत नाहीत. आमच्या समाजाने पहिले काम १९२३ साली करून दाखविले. दुसऱ्याचा हिशेब प्रत्येक घराने आपल्या माजघरात बसून करावयाचा आहे.