राजगृह : ग्रंथांसाठी उभारलेली वास्तू

मुंबईतील दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' नावाची एक तीन मजली वास्तू उभी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती स्वतःच्या निवासासाठी बांधून घेतली. तिचे बांधकाम १९३१ ते १९३३ या काळात झाले. या वास्तूची रचना आणि तेथील रहिवासी यांचा थोडक्यात परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पार्श्वभूमी

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. दाटीवाटीची, अंधारी वस्ती हे साथीचे मोठे कारण मानले गेले. त्यावर उपाय म्हणून १८९८ साली 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. तिने एकीकडे कामगारांसाठी चाळी बांधल्या, तर दुसरीकडे शहराच्या उत्तरेस दादर-माटुंगा येथे भूखंड पाडून नवे उपनगर आखले. तेथे रुंद रस्ते, वृक्षराजी आणि बेताच्या उंचीची, भोवती मोकळी जागा असलेली घरे अशी योजना होती.

बाबासाहेबांचे जीवन या संस्थेच्या दोन्ही कामांशी जोडले गेले आहे. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत होते. परदेशातील पदव्या मिळवून परतलेले बॅरिस्टर आंबेडकर तेथेच राहत असत. वाढता ग्रंथसंग्रह आणि संसार या दोहोंना ती जागा अपुरी पडत होती. त्या अपुरेपणातूनच राजगृहाची कल्पना साकार झाली.

वास्तूची रचना

सामान्यतः घर बांधताना दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर यांचा विचार प्रथम होतो. येथे प्रथम विचार झाला तो पुस्तकांचा. कुटुंबाचा निवास खालच्या भागात आणि ग्रंथालय व कार्यालय वरच्या मजल्यावर, अशी विभागणी ठेवण्यात आली. येथील ग्रंथांची संख्या पन्नास हजारांहून अधिक होती, असे सांगितले जाते.

'राजगृह' हे प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव होय. भगवान बुद्धांच्या चरित्रात या नगरीला महत्त्वाचे स्थान आहे. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. घराला हे नाव मात्र त्याच्या वीसहून अधिक वर्षे आधी दिले गेले. याच परिसरात त्यांनी 'चार मिनार' नावाची दुसरी इमारतही बांधली होती. ती १९४१ साली विकली गेली. राजगृह मात्र त्यांनी राखले.

रहिवासी

या घराच्या इतिहासातील सर्वांत हृद्य नाव रमाबाई आंबेडकर यांचे आहे. चाळीतील दोन खोल्यांत त्यांनी काटकसरीने संसार केला, पतीच्या परदेशवासाचा काळ एकटीने निभावला आणि पाच अपत्यांपैकी चौघांचे मृत्यू सोसले. ऐसपैस घराचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर ऑक्टोबर १९३५ मध्ये येवला येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हा त्यांचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून ते दिल्लीस गेले. पुढील काळात त्यांचे वास्तव्य मुख्यतः दिल्लीतच राहिले. राजगृहात त्यांचे पुत्र यशवंतराव व त्यांचे कुटुंब राहिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा पार्थिव देह विमानाने मुंबईस आणून राजगृहात अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी येथूनच निघालेल्या अंत्ययात्रेत लाखोंचा जनसागर दादर चौपाटीपर्यंत लोटला होता.

आज

तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू व छायाचित्रे जतन केलेली आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे अनेक अनुयायी राजगृहाचेही दर्शन घेतात. ७ जुलै २०२० रोजी घराच्या आवारातील कुंड्या व खिडकीच्या काचा फोडल्या गेल्या, तेव्हा राज्यभर संताप व्यक्त झाला.

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजात जन्मलेल्या पुरुषाने आपल्या घराचा वरचा मजला ग्रंथांना दिला. या वास्तूचे खरे मोल आम्हांस त्यातच दिसते.