चैत्य, विहार आणि जेवणाचा मांडव

शाळेतल्या इतिहासाने लेण्यांचं वर्गीकरण दोन ओळींत आटपलं होतं. चैत्य म्हणजे पूजेची जागा, विहार म्हणजे भिक्खूंची राहायची जागा. बस्स! दिवसभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माणसाला असला कॉलम फार आवडतो. दोनच किमती, रिकामा रकाना नाही. फर्ग्युसन आणि बर्जेस या जोडीचा लेण्यांवरचा मोठा ग्रंथ १८८० साली आला, तेव्हापासून अभ्यासकही बहुतेक याच दोन शब्दांवर काम भागवत आलेत.

आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी ते भागतंही. कार्ल्याचं चैत्यगृह बघा. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर कमानदार छत, टोकाला स्तूप आणि त्याच्याभोवती प्रदक्षिणेला वाट. इथे कोणी झोपायला येणार नाही हे उघड आहे. उलट अजिंठ्याचं १२ नंबरचं लेणं म्हणजे चौकोनी दालन, तीन बाजूंना खोल्या, खोल्यांतून झोपायला दगडी ओटे. चक्क हॉस्टेल!

गडबड होते ती जुन्नरला. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या काहींनी आपण नेमकं काय दिलं ते ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलंय. लेण्याद्रीच्या ६ नंबरच्या लेण्यात कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत सांगतो की हे 'चेतियघर' माझं दान. ठीक, हे आपल्या कॉलममध्ये बसलं. पण शिवनेरीच्या डोंगरात चिट नावाचा एक यवन (म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडून आलेला कुणीतरी) म्हणतो, मी संघाला 'भोजनमटप' दिला. जेवणाचा मांडव! आता याला चैत्य म्हणणार की विहार? शिवाय 'पोढी' आहेतच. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. आपण लेणी बघायला जातो तेव्हा टाक्यापाशी दोन मिनिटंही थांबत नाही, पण एप्रिल-मे महिन्यात त्या डोंगरावर भिक्खू कशाच्या जोरावर राहत असतील? टाकं देणाऱ्यांना ते दान आपलं नाव कोरण्याइतकं मोठं वाटत होतं.

थोडक्यात, मूळ लोकांची यादी आपल्या यादीपेक्षा लांब होती. कोड लिहिणाऱ्याने व्यवस्थित कॉमेंट टाकून ठेवलीय आणि आपण ती न वाचताच फंक्शनला भलतं नाव देतोय, तसला प्रकार.

जिथे कॉमेंट नाही तिथे तर विचारूच नका. वेरूळचं ५ नंबरचं लेणं जवळजवळ ११७ फूट खोल आहे आणि दालनाच्या मधोमध दोन लांबच लांब बुटके ओटे आहेत. पंगत बसायची की समोरासमोर बसून पाठांतर चालायचं? दोन्ही मतं आहेत. बाजूला खोल्या आहेत म्हणून यादीत मात्र 'विहार'. कान्हेरीच्या ११ नंबरच्या लेण्यातही असेच ओटे आहेत, त्याला लोक 'दरबार' म्हणतात. असो.

पाचव्या शतकात तर 'मुख्य उपयोग' हा शब्दच अडचणीत येतो. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं दिलं. खोल्या आहेत, म्हणजे विहार. पण मागच्या भिंतीत भव्य बुद्धमूर्ती आहे, म्हणजे पूजास्थानही. राहण्याची जागाच देवघर झाली. माझं स्पष्ट मत असं की या कॉलमशेजारी तारखेचा कॉलम असल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. उपयोग कोणता, याच्या आधी कधीचा, हे विचारायला हवं.

हा नुसता कागदावरचा वाद नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातलं १६ वं कलम म्हणतं की संरक्षित स्मारक पूजास्थान असेल, तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा त्याचा वापर होता कामा नये. स्वरूप म्हणजे कुठलं हो? लेण्याद्रीचं ७ नंबरचं लेणं घ्या. तिथलं सगळ्यात मोठं. बाजूच्या भिंतींत सात-सात आणि मागे सहा, अशा वीस खोल्यांचा विहार. मागच्या मधल्या खोल्यांच्या जागी आज गिरिजात्मज बसलाय, अष्टविनायकांतला लेण्यात असलेला एकमेव गणपती. खोदणाऱ्याचा हेतू धरावा की आज पायऱ्या चढून येणाऱ्या आजीचा? मला तरी दोन्ही नोंदी ठेवाव्यात असं वाटतं, एक खोडून दुसरी लिहायची गरज नाही.

पूजेसाठीच खोदलेलं सुलसदताचं चेतियघर तिथे अगदी शेजारीच आहे. दर्शनाची रांग मात्र लागते ती राहण्यासाठी खोदलेल्या सातमध्ये.