खाजण

खाजण म्हणजे गोव्यातील भरती-ओहोटीच्या नद्यांलगतची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन होय. भातशेती, मासेमारी व मीठ उत्पादन यांची सांगड घालणारी ही पद्धत पोर्तुगीज राजवटीपूर्वीपासून प्रचलित आहे. मांडवी व जुवारी नद्यांच्या काठी, तसेच चोडण व दिवाडी या बेटांवर खाजणे आढळतात. बहुतांश खाजण जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने तिचे अस्तित्व बांधांवर अवलंबून असते.

रचना

बांध चिखलमाती, पेंढा व जांभा दगड यांपासून बांधतात. त्यांबाहेरील खारफुटी लाटांचा मारा सौम्य करते. बांधातील लाकडी झडपांच्या दारास 'मानस' म्हणतात. भरतीच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात व ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. आतील जलाशयास 'पोय' म्हणतात. पावसाळ्यात कोरगूट, आझगो या क्षार सहन करणाऱ्या भातजातींची लागवड होते. मानशीवरील मासेमारीच्या हक्काचा लिलाव केला जातो.

व्यवस्थापन

बांधांची देखभाल पूर्वी गावकारी, म्हणजेच कोमुनिदाद, ही ग्रामसंस्था करीत असे. १९७६ मधील कूळ कायद्याच्या दुरुस्तीने जमिनीची मालकी कुळांकडे गेली व देखभालीची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. शेतीतून मिळणारे उत्पन्न घटल्याने अनेक ठिकाणी ही सामूहिक व्यवस्था शिथिल झाली.

हवामान बदलाचा परिणाम

समुद्रपातळी वाढल्यास ओहोटीच्या वेळी मानशीतून पाण्याचा निचरा होण्याचा अवधी कमी होतो. त्याच वेळी अतिवृष्टी झाल्यास शेतात पाणी तुंबते. बांध फुटून खारे पाणी शिरल्यास जमीन नापीक बनते व लगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. पडीक खाजणात खारफुटी वाढते. खारफुटीस कायद्याचे संरक्षण असल्याने अशी जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे कठीण ठरते. त्यामुळे खारफुटीचे रक्षण आणि शेतीचे पुनरुज्जीवन यांचा मेळ घालणे हा खाजण संवर्धनातील प्रमुख प्रश्न आहे.

संरक्षण

केंद्र शासनाच्या २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी विशेष तरतुदी आहेत. तीनुसार खाजण जमिनींचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा तयार करणे, त्यांलगतच्या खारफुटीचे रक्षण करणे आणि या जमिनींवर विकासकामांना परवानगी न देणे अपेक्षित आहे. बांधदुरुस्तीची कामे राज्याच्या कृषी खात्यामार्फतही केली जातात. मात्र मानशीची नियमित देखरेख व बांधांची वार्षिक डागडुजी स्थानिकांच्या सहभागाविना शक्य होत नाही.