सफरचंद, मद्य आणि कायदा

न्यूयॉर्क संस्थानांतील हडसन नदीच्या खोऱ्यांत शरदृतूंत सफरचंदाच्या अनेक बागा लोकांस खुल्या होतात. मंडळी सहकुटुंब येतात, स्वहस्तें फळें तोडून टोपल्या भरतात. कांहीं बागांलगत मद्यशाळाहि असते, तेथें वडील माणसें घरच्या पेयाची चव घेतात. ही मद्यशाळा नवी टूम भासते. परंतु इतिहास पाहतां तीच जुनी, असें आम्हांस वाटतें.

बींतून उगवलेलें सफरचंदाचें झाड मूळ झाडासारखें फळ देत नाहीं. फळ बहुधा आंबट वा तुरट निघतें. गोड जात राखावयाची तर कलमच बांधावें लागतें. तरीहि जॉन चॅपमन (१७७४–१८४५) यानें पेन्सिल्व्हेनियांतील घाण्यांवरच्या चोथ्यांतून बिया नेऊन ओहायोंत रोपें लाविलीं. कारण त्या काळीं सफरचंद खाण्यापेक्षां पिण्यासाठींच अधिक लागे. त्याचा आंबविलेला रस, म्हणजे सायडर, घरोघरीं असे. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अॅडम्सच्या १७९६ च्या रोजनिशींत सकाळीं सायडर घेतल्याची नोंद आहे.

एकोणिसाव्या शतकांत मद्यनिषेधाची चळवळ व बीअर यांमुळें सायडर मागें पडली. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीनें तिचें उरलेंसुरलें बळहि गेलें. बागवान खाण्याच्या गोड जातींकडे वळले. पुढें १९७६ सालीं न्यूयॉर्कनें लहान द्राक्षबागवानांस आपलें मद्य थेट ग्राहकांस विकण्याची मुभा दिली. सायडरसाठीं तसा कायदा २०१३ त झाला.

कायदा एका सहीनें फिरतो. तुरट जातीचें झाड पुन्हां लावून फळास यावयास मात्र वर्षें जातात. टोपलींतल्या गोड फळावर निसर्गाइतकाच कायद्याचाहि हात फिरलेला आहे.