सिहोरच्या पाठशाळेतील गोल पृथ्वी



श्रद्धा आणि विज्ञानशिक्षण यांच्या विरोधाचा विषय निघाला की आपण लगेच गॅलिलिओकडे धाव घेतो. मला मात्र आपल्या माळव्यातच, भोपाळजवळच्या सिहोरला थांबावयाचे आहे. इ. स. १८३० नंतर तेथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज पोलिटिकल एजंट होता. संस्कृत जाणणाऱ्या या गृहस्थाने तेथील पाठशाळेत कोपर्निकसचे मत एकदम पुढे न ठेवता, आधी भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ (११५०) शिकविण्याचा मार्ग धरला.

पुराणांतील पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, सभोवार सात द्वीपे. भास्कराचार्यांची पृथ्वी गोल, निराधार, परीघ ४९६७ योजने. ती पडत का नाही? चहूकडे आकाश सारखेच असता पडेल तरी कोठे, असा त्यांचा प्रतिप्रश्न. ज्योतिषी ग्रहणाचे गणित सिद्धान्तावरून करीत आणि कथा राहूची सांगत. दोन्ही एकाच मुखाने, आणि कोणास अवघडल्यासारखे होत नसे. (आजही फार वेगळे चित्र आहे, असे मला शिक्षक म्हणून म्हणवत नाही.)

हा सोयीचा अबोला सुबाजी बापूंनी मोडला. पौराणिक, सैद्धान्तिक आणि कोपर्निकसचे अशा तिन्ही मतांची तुलना करणारा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ त्यांनी १८३६ मध्ये मराठीत प्रसिद्ध केला. पुढील वर्षी यज्ञेश्वरशास्त्री रोडे यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून, पुराणे व सिद्धान्त यांत वास्तविक विरोध नाहीच, असे प्रतिपादिले. सुबाजींनी त्याचेही खंडन केले.

यज्ञेश्वरशास्त्रींना हटवादी ठरविणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. भूगोलात पुराण चुकले, तर धर्मविषयात ते प्रमाण कसे मानावे, ही शंका पोकळ नव्हे. शिवाय समन्वयाचा पायंडा खुद्द भास्कराचार्यांचाच! पृथ्वीच्या छायेने चंद्रग्रहण होते हे सांगून त्यांनी राहूलाही त्याच छायेत जागा करून दिली होती.

परंतु सुबाजींपुढील पेचही लहान नव्हता. भास्कराचार्यांची पृथ्वी गोल असली तरी स्थिर आहे. ती फिरते असे म्हणावयाचे, तर ज्या आचार्यांच्या आधाराने पुराण सोडले, त्या आचार्यांचे बोटही सोडावे लागते. स्वकीय ग्रंथाची शिडी येथे संपते. पुढचे पाऊल विद्यार्थ्याने केवळ प्रमाणाच्या बळावर टाकावयाचे होते.

विल्किन्सन १८४१ मध्ये निवर्तला. त्याने नागपुराहून सिहोरला नेलेले बापूदेवशास्त्री पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि गोलाध्यायाचे त्याचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच तपासून दिले. ते १८६१ मध्ये छापले गेले.