घरच्या बिअरचा हिशेब

आपल्याकडे लेकराच्या सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतात, ती वाळवतात आणि दळतात. इंग्लंडात सातूला असेच मोड आणून तो भट्टीवर वाळवीत. ह्यालाच माल्ट म्हणतात. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड रस काढायचा, हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर तो उकळायचा आणि पुढे आंबवायचा, की बिअर झाली. खेड्यातील घरोघरी हे काम बहुधा बायका करीत. वसंताच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल; परंतु आम्हांला बोलायचे आहे ते पेयाविषयी नव्हे, त्याच्या हिशेबाविषयी.

हा हिशेब शेतात ठरत नसे. १६९७ साली माल्टवर कर बसला, १७११ पासून हॉप्सवरही. नेपोलियनशी युद्ध जुंपल्यावर, १८०४ साली, माल्टवरील कर बुशेलमागे, म्हणजे सुमारे ३६ लिटरच्या मापामागे, साडेचार शिलिंगांच्या घरात गेला. १८२२ साली तो २ शिलिंग ७ पेन्सांवर उतरला खरा; पण त्या वर्षी सातूच इतका स्वस्त होता की धान्याची किंमत आणि त्यावरचा कर जवळजवळ सारखेच भरत.

तरीही घरी बिअर करणाऱ्याला एक सवलत होती. तयार बिअरवरचा निराळा कर फक्त विक्रेत्याला पडे, घरच्या पिंपाला नाही. आता गंमत पाहा. ज्याच्या घरी मोठी तांब्याची कढई आणि मुबलक सरपण, त्या जमीनदाराला ह्या सवलतीचा पुरेपूर लाभ. मजुराजवळ कढई नाही, बुशेलभर माल्ट एकदम घ्यायला रोकड नाही आणि गायराने कुंपणात गेल्यापासून फुकटचे सरपणही नाही. तो दारूच्या गुत्त्यात पेल्यापेल्याने विकत घेई आणि दोन्ही कर भरी. विल्यम कॉबेटने १८२१ साली लिहावयास घेतलेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’त ह्याच दुखण्यावर बोट ठेवले. चहाने मजुराचा घात केला, असेही त्याने ठासून लिहिले. ते आपल्याला पटणार नाही. पण चहाला एक किटली आणि चार काटक्या पुरतात, हेही खरेच.

१८३० साली सरकारने तयार बिअरवरचा कर उठवला आणि माल्टवरचा ठेवला. विकतची बिअर स्वस्त झाली, घरची होती तेथेच राहिली. घरची चूल थंड करणारा निर्णय आमच्या मते हाच. हॉप्सवरील कर १८६२ साली गेला. ग्लॅडस्टनने १८८० साली माल्टवरील कर रद्द करून तो पुन्हा तयार बिअरवर नेला. सामग्री हलकी झाली, पण घरी बिअर करण्यास परवाना आला. लहान घरांना सवलती होत्या, तरी तोवर कढया मोडीत गेल्या होत्या.

तो परवाना १९६३ साली अर्थमंत्री मॉडलिंग ह्यांनी काढून टाकला. मग दुकानांत माल्टच्या अर्काचे डबे आले आणि गावातला नव्हे, शहरातला हौशी माणूस स्वयंपाकघरात बिअर करू लागला. २००७-०८ मध्ये हॉप्सचे भाव एकाएकी भडकले, तेव्हा त्याची गाठ कोणत्याही अर्थमंत्र्याशी नव्हती: आधीच्या मंदीत शेतकऱ्यांनी हॉप्सचे वेल उपटून टाकले होते.