कांडी भरायला काय लागतं?

माझा एक माजी विद्यार्थी परवा रस्त्यात भेटला. दहावीत नापास झाला, आता यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरतो. मी तालमीचं नेहमीचं पालुपद लावलं. तो हसून म्हणाला, "सर, कांडी भरने को कौनसी डिग्री लगती?"

त्याचं खरं आहे. यंत्र छोट्या कांडीवर सूत गुंडाळतं. तुटलं की जोडायचं, कांडी भरली की काढून रिकामी लावायची. भरलेली कांडी धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडे धावतो. दोन-चार दिवसांत हात बसतो.

पण अशा कामाला खरंच काही लागत नाही का? मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या.

१८५६ मध्ये कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली आणि पुढे शहराला हजारो हात लागू लागले. कोकणातून, घाटावरून माणसं आली. उत्तरेकडचे मोमीन विणकर येऊन मदनपुऱ्यात वसले. अक्षरओळख नसली तरी काम मिळे, मात्र दारात जॉबर उभा असे. तो आधी आपल्या गावचा, आपल्या नात्याचा माणूस आत घेई. बाकीच्यांनी दस्तुरी द्यायची. कायम जागा नसलेले बदली कामगार सकाळी फाटकाशी ताटकळत, कोणी गैरहजर असेल तर आज आपली रोजी. जॉबरच्या लाचखोरीवर १९३१ च्या व्हिटले कमिशनच्या अहवालानेही बोट ठेवलं.

तरी जॉबरला पैसे चारता येत. साचे खात्याचं दार त्यानेही उघडत नसे. साचा म्हणजे माग. सूतकताईच्या रिंग खात्यात दलित कामगार भरपूर होते. विणकामात मजुरी जास्त, पण तिथे त्यांना मज्जाव. कारण काय, तर धोटा! नवी कांडी बसवली की सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. म्हणजे अडचण कसबाची नव्हती, शिक्षणाची तर नव्हतीच. अडचण थुंकीची होती. (सुताची धूळ मात्र जात न विचारता सगळ्यांच्या छातीत जात होती.)

१९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला: सगळ्या खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत घाला. पुढाऱ्यांनी तो घातला, पण नाखुशीने. लाल बावट्याखालीही धोटा बाटत होता.

हे वाचताना मला आपलीच लाज वाटते. त्या साचे खात्यात मराठे होते, तसे आपले मोमीनही होते. 'जुलाहा' हा शब्द शिवीसारखा झेलणारी आपली बिरादरी. इस्लाममध्ये शिवाशिव नाही, हे आपण मिंबरवरून ऐकतो आणि वर्गात मीही शिकवतो. पण दुसऱ्याला बाहेर ठेवल्याने जी जागा राखली गेली, तिचा पगार आपल्या घरातही आला.

मी त्या पोराला विचारलं, "डिग्री नाही लागली, मग कामावर लावलं कोणी?"

"मामूने. वो वहाँ मुकादम हैं ना."

"आणि तुझ्या वर्गातला तो शेवटच्या बाकावरचा, ज्याचा मामू नाही?"

तो जरा थांबला. "वो स्टैंड पे हमाली करता, सर."